गालिच्याची पाठ



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला शाळेत चित्रकला शिकवत. नक्षी काढून दाखवायला गेलं की सर कागद हातात घेत, पालथा करत आणि खिडकीतल्या उजेडाकडे धरत. पेन्सिल कुठे दाबली, रबर किती वेळा फिरवलं, सगळं मागून कळायचं. कागद परत देताना म्हणत, "पुढून सगळ्यांचीच चित्रं बरी दिसतात रे." चित्रकला मला फारशी आली नाही. पालथं करून बघायची खोड मात्र लागली ती लागलीच.

ही खोड काही माझ्या एकट्याची नाही. जाणती बाई पैठणी घ्यायला गेली की पहिल्यांदा पदर उलटा करते. हातमागावरच्या अस्सल पैठणीत मोर पुढून जसा, तसाच मागून दिसतो. मागे धागे लोंबताना दिसले की ती काही न बोलता घडी घालते आणि पुढची दाखवा म्हणते. इराणी गालिच्याचा जाणकारही हेच करतो. दुकानदार गालिच्याच्या मधल्या फुलाचं कौतुक सांगत असतो आणि हा वाकून कोपरा उलटवतो. आज मला तुम्हाला तो कोपरा उलटवून दाखवायचा आहे. पण आधी चार घटका पुढची बाजू पाहू, कारण तिच्यासाठीच मागचा सगळा खटाटोप असतो.

हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपण घराला 'फरशी' बसवतो ती दगडाची किंवा टाइल्सची. इराणात 'फर्श' म्हणजे गालिचा. तिकडे जे लोकरीचं अंथरलं जातं, त्याचं नाव आपण पायाखालच्या दगडाला दिलं. 'काली' म्हणजे मोठा गालिचा आणि 'कालिचे' म्हणजे लहान. आपण लहानाचंच नाव उचललं आणि सगळ्यांना गालिचा म्हणू लागलो. नक्षी, कारखाना, नमुना, रेशीम, रफू हे सगळे शब्द त्याच वाटेनं आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही विणकाम आणि शिवणकामातले हे शब्द टिकले. हाताला चिकटलेले शब्द सहजासहजी सुटत नाहीत.

आता गालिचा पुढून पाहू. शहरी इराणी गालिच्याची सर्वांत प्रसिद्ध मांडणी म्हणजे 'लचक-तुरंज'. मधोमध एक मोठं पदक असतं, ते तुरंज. तुरंज म्हणजे महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे ना, ते फळ. चार कोपऱ्यांत त्याच पदकाचे चतकोर असतात, ते लचक. लचक म्हणजे बायका डोक्याला बांधतात तो तिकोनी रुमाल. म्हणजे दरबारी थाटाच्या या मांडणीला कारागिरांनी नावं दिली ती बागेतली आणि घरातली. ही मांडणी गालिच्यांवर आली ती पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि आली ती पुस्तकांवरून. हेरात आणि तबरेझच्या दरबारांत ग्रंथ सजवणारे चित्रकार होते. चामड्याच्या बांधणीवर मधे पदक आणि कोपऱ्यांत चतकोर काढण्याची त्यांची रीत होती. तीच रीत लोकरीत उतरली. पुस्तकाचं मुखपृष्ठ जमिनीवर अंथरलं गेलं म्हणा ना.

पदकाच्या भोवती जी वेलबुट्टी धावते तिच्यात दोन घराणी ओळखता येतात. एक 'इस्लिमी', म्हणजे दुभंगलेल्या पानांची, हत्तीच्या सोंडेसारखी वळणारी वेल. दुसरी 'खताई', म्हणजे फुलं, कळ्या, बारीक देठ. खताई हा शब्द चीनच्या जुन्या नावावरून आला आहे, आणि मंगोलांच्या काळापासून इराणी कलेत चिनी कमळं आणि ढगांच्या पट्ट्या शिरल्या, त्याची ती खूण आहे. मोठ्या उमललेल्या फुलाला 'शाह अब्बासी' म्हणतात. शाह अब्बासनं १५९८ साली इस्फहानला राजधानी नेली आणि दरबारी कारखान्यांना बळ दिलं, म्हणून फुलाला त्याचं नाव मिळालं. फूल मात्र त्याच्या आधीपासूनचं आहे. राजाश्रयाचं असंच असतं, फुलं आधीची आणि नाव राजाचं.

मग 'हेराती'. मधे एक चौकट, ती हिऱ्यासारखी उभी, आत फूल, आणि चारही बाजूंनी चार लांबट वाकडी पानं. हा ठसा पूर्ण गालिचाभर शेकडो वेळा फिरतो. नाव हेरात शहराचं, पण विणकर त्याला 'माही' म्हणतात, म्हणजे मासा. त्या वाकड्या पानांत त्यांना तळ्याभोवती फिरणारे मासे दिसतात. आणि 'बोते', म्हणजे झुडूप. ही आपली कोयरी. पदरावरच्या 'बुट्टी'शी या शब्दाचं नातं कानाला सहज जाणवतं. कोणी म्हणतं हे वाऱ्यानं वाकलेलं सुरूचं झाड, कोणी म्हणतं ही ज्योत, कोणी म्हणतं बदाम. आपल्याला त्यात आंब्याची कोय दिसली. स्कॉटलंडमधल्या पेझली गावानं काश्मिरी शालींच्या नकला विणल्या, तर युरोपनं त्या आकाराला गावाचंच नाव देऊन टाकलं.

बागेचे गालिचे हा तर वेगळाच प्रकार आहे. इराणचा बराच भाग रखरखीत पठार. तिथे बाग म्हणजे भिंतीच्या आत, पाटाच्या पाण्यावर जगवलेली हिरवळ. बाग-गालिच्यात वरून पाहिल्यासारखा बागेचा आराखडाच विणलेला असतो: पाट, पाटात मासे, मधे हौद, दोन्ही बाजूंना झाडं आणि वाफे. हा प्रकार पाहायला इराणला जायची गरज नाही. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात असा एक थोर गालिचा आहे, बहुधा केरमानचा, आणि तो १६३२ साली आमेरच्या राजघराण्याकडे होता अशी त्याच्यावरच नोंद आहे. राजस्थानच्या उन्हाळ्यात त्या पाण्याच्या पाटांशेजारी कोणीतरी तक्क्याला टेकून बसलं असेल.

या नक्षींचा 'अर्थ' काय, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर येतो, म्हणून आधीच बोलतो. गालिचेवाला प्रत्येक आकाराला एक अर्थ चिकटवून देतो. सुरू म्हणजे अमरत्व, मासा म्हणजे सुबत्ता, आणि कुठे चूक दिसली तर ती मुद्दाम केलेली, कारण परिपूर्ण फक्त परमेश्वर. मला या गोष्टी ऐकायला आवडतात. पण एकाच आकाराला ज्योत, झाड, बदाम आणि कोय अशी चार नावं मिळतात, तेव्हा अर्थापेक्षा आकार जुना आहे असं समजावं. आकार फिरत राहतो, आणि जे गाव त्याला ठेवून घेतं ते आपल्या ओळखीच्या वस्तूचं नाव त्याला देतं.

याची कसोटी लागते ती जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गालिच्यावर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा गालिचा आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरच्या वर, रेशमाच्या ताण्याबाण्यावर लोकरीची लव, दहा रंग, आणि अडीच कोटींहून जास्त गाठी. त्याच्या एका टोकाला छोट्या चौकटीत हाफिजच्या दोन ओळी, मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे वर्ष विणलेलं आहे, म्हणजे इसवी सन १५३९-४०. त्या काळी शाह तहमास्प गादीवर होता. अर्दबीलच्या शेख सफीच्या दर्ग्यातला हा गालिचा. मधल्या सोनेरी पदकातून दोन दिवे लोंबतात, आणि ते सारखे नाहीत. एक लहान, एक मोठा. का? काहींचं म्हणणं, लहान दिव्याच्या बाजूनं बसलेल्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. पण त्या काळच्या इराणी कलेत अशी दृष्टिभ्रमाची युक्ती केल्याचा पुरावा नाही. काहींचं म्हणणं, ती मुद्दाम ठेवलेली चूक. पावणेपाचशे वर्षं झाली, दिवे तसेच लोंबताहेत आणि पाहणारे आपापली उत्तरं घरी नेताहेत. पुढून पाहून कोडं सुटत नसलं की सरांची आठवण येते.

तर आता कोपरा उलटू.

मागून पाहिलं की फुलं आणि वेली उरतातच, फक्त लव नसल्यामुळे त्या जरा कोरड्या दिसतात. आणि नजर जवळ नेली की कळतं, हे सगळं ठिपक्यांचं बनलेलं आहे. प्रत्येक ठिपका ही एक गाठ. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. लोकरीचा छोटा तुकडा दोन उभ्या धाग्यांना गुंतवून पुढे ओढायचा आणि कापायचा. अशी एक ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालायचा आणि जड पंजानं ठोकून ओळ खाली बसवायची. गाठीचे मुख्य प्रकार दोन. एकीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढा घालून त्यांच्या मधून बाहेर येते, ती तुर्की गाठ. दुसरीत एका धाग्याला पूर्ण वेढा आणि शेजारच्याच्या नुसती मागून, ती फारसी. तिला व्यापारात 'सेन्ने' गाठ म्हणतात, सेन्ने शहरावरून, म्हणजे आजच्या सनंदजवरून. आणि सेन्नेचे विणकर वापरतात ती तुर्की गाठ! गालिच्याच्या जगात नावावर विसंबू नये, ते असं.

बारीक विणीत फारसी गाठ दाट बसते, म्हणून इस्फहान, काशान, नाईनच्या नाजूक वेली तिच्यात विणल्या जातात. पण तबरेझ तुर्की गाठीतच तितकंच नाजूक काम करतं. तिथले विणकर टोकाला आकडा असलेली सुरी वापरतात. त्याच आकड्यानं धागा ओढायचा आणि त्याच पात्यानं कापायचा. हात इतक्या वेगानं जातात की गाठ कधी पडली ते कळत नाही.

एक हिशेब करून पाहा. तबरेझमध्ये दाटपणा 'रज' या मापात सांगतात. सुमारे सात सेंटिमीटर रुंदीत जितक्या गाठी, तितके रज. पन्नास रजाचा गालिचा हा चांगला समजतात, अद्भुत नव्हे. सात सेंटिमीटरच्या चौरसात पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजार गाठी. दोन बाय तीन मीटरचा गालिचा घेतला, तर गाठी होतात तीस लाखांच्या वर. हात बसलेली विणकरीण दिवसाला आठ-दहा हजार गाठी घालते. म्हणजे एकटीला वर्षाच्या जवळपास, तेही एकही दिवस चुकवला नाही तर. माणूस दिवाणखान्यात चपला काढून जिथे पाय ठेवतो, तिथे कोणाचं तरी एक वर्ष अंथरलेलं असतं.

आणि या गाठी सगळ्या चौकोनी असतात. मला गालिच्यातला खरा चमत्कार वाटतो तो इथे. मागावर उभं आणि आडवं याशिवाय तिसरी दिशाच नाही. वेल वळते असं आपल्याला दिसतं, पण तिथे वळण नाहीच; एक एक गाठ बाजूला सरकत पायऱ्या उतरलेली आहे. गाठी दाट असतील तर पायऱ्या डोळ्याला दिसत नाहीत आणि वेल वळते. गाठी विरळ असतील तर वळणाचा कोन होतो. शहरी गालिच्यातली गोल फुलं आणि खेड्यातल्या गालिच्यातली कोनाकोनांची फुलं, यांत कौशल्याचा फरक आहे असं पटकन वाटतं. फरक आहे तो मुख्यतः दाटपणाचा आणि नक्षी कुठे ठेवली जाते याचा.

नक्षी ठेवायच्या जागा दोन: कागद आणि मन. शहरी कारखान्यात नक्षी कागदावर असते. आलेखाच्या त्या चौकटींच्या कागदाला फारसीत 'शतरंजी' कागद म्हणतात, आपल्या सतरंजीचाच तो शब्द. एक चौकट म्हणजे एक गाठ. लचक-तुरंजाचा गालिचा असेल तर बहुतेक वेळा चतकोरच काढतात. उरलेले तीन चतकोर विणकर मनातल्या मनात उलटवून विणतात. काही ठिकाणी, विशेषतः काशानकडे, नक्षी वाचणारा असतो, 'नक्शेखान'. तो कागदावरून रंग आणि गाठींची संख्या चालीवर म्हणत जातो आणि मागावर बसलेल्या सगळ्या जणी त्या चालीबरोबर हात चालवतात. जात्यावर ओवी येते तशी इथे नक्षीच ओवी होऊन येते.

दुसरी रीत 'जेहनी-बाफ', मनातून विणणं. कश्काई, बख्तियारी, लूर अशा फिरत्या टोळ्यांच्या बायका आडवा माग जमिनीत खुंट्या ठोकून मांडतात. कुरण बदललं की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा गुंडाळायचा, नव्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. ताण पहिल्यासारखा बसतोच असं नाही, म्हणून असे गालिचे एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद निघतात. नक्षी कुठेही लिहिलेली नसते. आईच्या शेजारी बसून मुलीनं पाहिलेली असते. दिग्दर्शक मखमलबाफ यांच्या १९९६ सालच्या 'गब्बे' या चित्रपटात कश्काई बायकांची हीच जाड, मऊ, मोकळ्या नक्षीची गालिचेवजा अंथरुणं आहेत.

एखाद्या गालिच्याची नक्षी मनातली की कागदावरची, ते पाहायचं असेल तर काठाचा कोपरा पाहा. कागदावर आखलेला असेल तर काठाची वेल कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांत सुबक वळते. मनातला असेल तर विणकरीण कोपऱ्यापाशी येते, पाहते की अर्धं फूल उरलंय, आणि मग काहीतरी जमवते: फूल चेपते, एक रेघ घालते, किंवा सरळ थांबून दुसऱ्या बाजूनं सुरू करते. पुण्या-मुंबईच्या चाळीत जागा कमी पडली की माणसं जशी सोय काढत, तशी ती सोय. मला स्वतःला हे न जमलेले कोपरे फार आवडतात.

आणि दोन्ही रीती एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. दरबारी चित्रकाराच्या पठडीतला हेराती खेड्यात गेला, पाठ झाला, कोनदार झाला, पानांचे मासे झाले. पुढे शहरातल्या नक्षीकारानं ते मासे पुन्हा कागदावर घेतले, आणि आज 'तबरेझ माही' म्हणून जो अतिशय बारीक गालिचा विकला जातो त्यात शहर आणि खेडं असं दोघांचं रक्त आहे. परंपरा म्हणतात ती ही ये-जा.

रंगांकडे येतो. लाल येतो 'रोनास'च्या मुळांतून. ती आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. पिवळा रानातल्या इस्परकमधून, तपकिरी अक्रोडाच्या सालीतून, डाळिंबाच्या सालीतून मातकट पिवळा. तुरटीत भिजवल्याशिवाय लोकर यांतले बहुतेक रंग नीट धरत नाही. निळा मात्र नीळ, आणि ती शतकानुशतकं हिंदुस्थानातून गेली, शब्दासकट गेली. निळीच्या पिंपातून लोकर बाहेर काढली की आधी पिवळट हिरवी दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. हिरवा हवा असेल तर लोकर निळीत बुडवून पुन्हा पिवळ्यात बुडवायची. सुलतानाबादकडे, म्हणजे आजच्या अराककडे, रोनासच्या लालाला ताकाच्या निवळीत मुरवून एक हलका गुलाबी काढत. त्याचं नावच 'दुगी', दूग म्हणजे ताक. कढी आणि रंग एकाच मडक्यातून निघू शकतात हे आपल्याला सांगायला नको.

लोकर थोडी थोडी रंगवली जाई, म्हणून एकाच निळ्याच्या दोन घाण्यांत फरक पडे. गालिच्यात तो आडव्या पट्ट्यांनी दिसतो. त्याला 'अबरश' म्हणतात. एके काळी हा दोष होता. आज जुनेपणाची खूण म्हणून त्याचं मोल वाढलं आहे, आणि नवे कारखाने तो मुद्दाम घालतात. काळ्या रंगासाठी लोह वापरत, आणि लोह लोकर खातं. म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेघा आसपासच्या लवेपेक्षा खोल गेलेल्या दिसतात, बोटाला लागतात. नक्षीकारानं न सांगितलेलं कोरीवकाम काळानं केलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले कृत्रिम रंग आले आणि स्वस्त, भडक, पाण्यात उतरणाऱ्या रंगांनी बाजाराचं नाव खराब केलं. इराणच्या सरकारला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. त्याच काळात मँचेस्टरच्या झीगलर कंपनीनं सुलतानाबादेत बस्तान बसवलं. युरोपच्या दिवाणखान्याला जितका मोठा आणि ज्या फिक्या रंगाचा गालिचा हवा, तितका तिथे विणवून घेतला जाऊ लागला. आपल्याकडेही ही लाट आली होती. पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. गालिच्याची मागणी वाढली की त्याला हात लागतात, आणि हात कुठून आणायचे याचं उत्तर दर वेळी सुंदर नसतं.

हे बोलल्याशिवाय गालिच्याची पाठ पूर्ण होत नाही. केरमानचे कारखाने ओलसर, अंधाऱ्या तळघरांत असत. बारीक गाठीला लहान बोटं बरी, म्हणून लहान मुलं मागावर बसवली जात. ती वाकूनच वाढत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं पाठपुरावा केल्यावर १९२३ साली केरमानच्या सुभेदारानं हुकूम काढला: दिवसाला आठ तास काम, मुलग्यांना आठ आणि मुलींना दहा वर्षांच्या आत मागावर बसवायचं नाही, तळघरातले ओले कारखाने बंद. आठ वर्षांचं मूल चालेल, हा सुधारणेचा कायदा होता, यावरून आधी काय चालत असेल ते समजावं. पुढून पाहताना हे दिसत नाही. त्या सुंदर फुलांना दोष द्या असं मी म्हणत नाही, पण गाठी मोजायला बसलो तर बोटंही मोजली पाहिजेत.

गाठी मोजण्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. गाठी जास्त म्हणजे गालिचा थोर, असं समीकरण दुकानात शिकवतात. पण लबाड विणकर दोनऐवजी चार धाग्यांना एकच गाठ घालतो, तिला 'जुफ्ती' म्हणतात. त्यात निम्मी लोकर वाचते आणि पुढून काही कळत नाही. मागून कळतं. उलट बिजारचा गालिचा गाठींच्या आकड्यात फार वर नसतो, पण बाणा इतका ठोकून बसवलेला असतो की तो दुमडत नाही, गुंडाळावाच लागतो. आणि नाईनची गोष्ट तर वेगळीच आहे. नाईन हे मुळात अंगरख्यांच्या, अबांच्या बारीक लोकरी कापडाचं गाव. रझा शाहच्या काळात पाश्चात्त्य पोशाख आला, अबा कोणी घेईना. तेव्हा त्या विणकरांनी हातात असलेलं बारीक सूत गालिच्यांकडे वळवलं. नाईनचे गालिचे आज जगात नाजूकपणासाठी ओळखले जातात, आणि त्यांच्या मागे एक बंद पडलेला धंदा आहे.

बाजारात मोल कसं ठरतं याचं एकच उदाहरण देतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सतराव्या शतकातला, बहुधा केरमानचा, विळ्यासारख्या पानांचा एक गालिचा तीन कोटी सदतीस लाख डॉलरना गेला. लांबी पावणेतीन मीटरच्या आत. विणणाऱ्याला काय मिळालं असेल हे विचारण्यात अर्थ नाही. त्याच वेळी काशानमध्ये यंत्रावर फर्रकन गालिचे विणणारे कारखाने उभे आहेत; आणि त्याच काशानचं हातविणीचं कसब, फार्सच्या विणकामासोबत, युनेस्कोनं २०१० साली मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. युनेस्कोची नोंद सांगते की तिथला जवळपास तीनांतला एक रहिवासी गालिच्याच्या कामात आहे आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक स्त्रिया. एकाच गावात यंत्र आणि हात शेजारी शेजारी आहेत. अमेरिकेनं तर इराणी गालिच्याला दार कधी उघडलं, कधी लावलं. २००० साली उघडलं, २०१० साली लावलं, २०१६ साली उघडलं, २०१८ साली पुन्हा लावलं. गालिच्याचं एक वर्ष मागावर जातं, आणि तो उतरेपर्यंत दार बदललेलं असतं.

शेवटी रफू. अर्दबीलचा गालिचा १८९३ साली लंडनच्या संग्रहालयानं दोन हजार पौंडांना घेतला. इंग्लिश नक्षीकार विल्यम मॉरिसनं तो घ्याच असं आग्रहानं सांगितलं होतं. विकणाऱ्यांनी तो 'एकमेव' म्हणून विकला. पण तो एकमेव नव्हता, जोडीतला होता. दोन्ही झिजलेले होते. एकाला धड करायला दुसऱ्याचा काठ आणि तुकडे कापले आणि पहिल्यात भरले. उरलेला दुसरा, बिनकाठाचा, पुढे अमेरिकेत गेला. तिथला त्याचा मालक पॉल गेटी यानं तो देऊन टाकला, आणि आज तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. एका भावाची कातडी काढून दुसऱ्याला लावली, असं म्हणायला हरकत नाही. लंडनला आज तो जमिनीवर काचेत पसरलेला आहे, रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहा मिनिटंच दिवे लावतात. पुढून तो पूर्ण दिसतो. सांधे आहेत ते पाठीवर.

गालिच्यावर नाव आहे मकसूद काशानी. तो नक्षीकार असेल किंवा कारखान्यावर देखरेख करणारा. अडीच कोटी गाठी एकट्याच्या नव्हेत हे उघड आहे. मग बाकीचे कुठे आहेत? ते मागे आहेत. एके ठिकाणी बाणा जरा घट्ट होतो, तिथे दुसरा हात बसला. एके ठिकाणी निळा बदलतो, तिथे रंगाऱ्याचा नवा घाणा आला. एके ठिकाणी गाठी जरा वेगळ्या, तिथे तीनशे वर्षांनंतरच्या कोणा रफूगाराची सुई फिरली. कारखान्यात हजेरीपट असतो तशी गालिच्याची पाठ आहे, फक्त तिच्यावर नावं नाहीत, हजेरी आहे.

सर कागद परत देताना मागच्या बाजूला पेन्सिलीनं छोटीशी सही करत, पुढे कधीच नाही. तेव्हा त्याचं कारण विचारायचं राहून गेलं.